थोरलीचे तास कोण मोजणार?

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेब बाळाला हातावर घेतात आणि बायबलातलं स्तोत्र 127 वाचलं जातं. संतती ही परमेश्वराकडची ठेव, मुलं म्हणजे वीराच्या हातातले बाण, ज्याचा भाता भरलेला तो धन्य. चौथं-पाचवं बाळ असेल तर उपासनेनंतर लोक आईबापांचे हात हातात घेतात, केक कापला जातो, फोटो होतात. त्याच गर्दीत एका खांद्यावर बाळाच्या दुपट्यांची पिशवी, कडेवर तीन वर्षांचं भावंड आणि हातात दुधाची बाटली घेऊन 15-16 वर्षांची एक मुलगी उभी असते. फोटोत ती कडेला येते, नाहीतर येतच नाही. मला जे म्हणायचं आहे ते तिच्यासाठी.

मोठ्या कुटुंबाला माझा विरोध नाही. पाच भावंडांच्या घरात मूल वाटून खायला शिकतं, भांडून मिटवायला शिकतं, आजारी माणसाच्या उशाशी बसायला शिकतं. हे कुठल्या शिकवणीत मिळत नाही. पण त्या घराचा भार कुणावर पडतो हे बघायचं आपण टाळतो. आई कामात, बाप कामावर, आजीचे गुडघे दुखतात आणि उरते ती थोरली. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत मोठ्या कुटुंबाचा आशीर्वाद बहुतेक वेळा थोरल्या मुलीच्या वेळातून फेडला जातो. हे थांबवायचं काम आधी बापाचं आहे, मग आईचं आणि त्यांच्याइतकंच मंडळीचं, म्हणजे चर्चमधल्या आपणा सगळ्यांचं.

स्तोत्र 127 मध्ये पाचच वचनं आहेत. बाप्तिस्म्याला आपण तिसऱ्यापासून वाचायला लागतो. त्याच्या आधीचं दुसरं वचन सांगतं की पहाटे उठणं, रात्री उशिरापर्यंत जागणं आणि कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, कारण देव आपल्या प्रियजनांना झोप देतो. आधी झोप, मग संतती, असा त्या स्तोत्राचा क्रम आहे. पहाटे साडेपाचला उठून रात्री अकराला आडव्या होणाऱ्या मुलीच्या घरात हे स्तोत्र अर्धंच वाचलं जातंय. वैद्यकाच्या हिशेबाने 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. तिला साडेसहा मिळते.

सरकारबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या विषयावरची चर्चा नेहमी तिकडेच पळते. 26 जानेवारी 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला सरकारी नोकरीला अपात्र ठरवणारा नियम आपल्या मध्य प्रदेशाने केला. केंद्राचा शिक्षणभत्ता दोन मुलांपुरता आणि प्राप्तिकरातली शाळेच्या फीची सूटही दोघांपुरतीच. सरकारची गणती दोनावर थांबते. मुलांच्या संख्येवरून आईबापांची नोकरी हिरावणं मला अन्याय वाटतो, कारण शिक्षा शेवटी त्या मुलांनाच होते. पण ख्रिस्ती मंडळी भराभर वाढतायत ही ओरडही खोटी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ख्रिस्ती स्त्रियांचा एकूण जननदर 1.88 आहे, म्हणजे बाईमागे सरासरी दोन मुलांच्याही खाली. चार-पाच मुलांची घरं आपल्यात आता मोजकी उरली आहेत, आणि म्हणूनच प्रत्येक मंडळीला ती नावानिशी माहीत असतात. माहीत असलेल्या घराला मदत करणं अवघड नसतं.

आता तास मोजू. समजा, इंदुरात सुदामानगरच्या बाजूला आठ माणसांचं घर आहे: आजी, आईबाप आणि 16 ची मुलगी, 13 चा मुलगा, 11 ची मुलगी, 8 चा मुलगा, 4 ची धाकटी. आई एका दवाखान्यात नर्स, दुपारची पाळी. सकाळी थोरलीच्या वाट्याला चार डबे भरणं, धाकट्या दोघींच्या वेण्या आणि 8 वर्षांच्याला व्हॅनपर्यंत सोडणं येतं, मिळून सव्वा तास. शाळेतून आल्यावर धाकटीला सांभाळणं दोन तास. संध्याकाळी पोळ्या एक तास, लहानांचा अभ्यास एक तास, भांडी अर्धा तास. बेरीज 345 मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास. शाळा आणि येणंजाणं सात तास. आठ तास झोप धरली तर अंघोळ, जेवण, प्रार्थना आणि स्वतःचा अभ्यास या सगळ्याला सव्वातीन तास उरतात. ते पुरत नाहीत, म्हणून झोप कापली जाते. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरच्या स्त्रियांचा त्या कामातला रोजचा वेळ सरासरी 289 मिनिटं आला, पुरुषांचा 88. त्यात मुलं सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, तरी आपल्या हिशेबातली दहावी-अकरावीची पोरगी शाळा सांभाळून पावणेसहा तास राबते, आणि आपण म्हणतो, ‘आमची ताई फार गुणाची.’

‘गुणाची’ या शब्दाला मी घाबरतो. ज्या मुलीला लहानपणापासून हा शब्द ऐकवला जातो तिला नाही म्हणता येत नाही. तिचा राग बाहेर पडायला वाटच उरत नाही, मग तो धाकट्यांच्या पाठीत पडतो, नाहीतर पोटात दुखण्यातून येतो.

कायदा इथे उपयोगी पडत नाही. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. तीत शाळेच्या वेळेबाहेर आणि सुट्टीत घरच्यांना हातभार लावणं मोकळं ठेवलं आहे. ते योग्यच आहे, घरातल्या कामात पोलिसाने डोकावू नये. पण म्हणूनच ही गोष्ट बघणारं घराबाहेरचं कुणी नाही. मिनिटं घरातच मोजावी लागतात.

मोजायची कशी? एक आठवडा काहीही न बदलता नुसतं लिहायचं. जुन्या वहीचं एक पान स्वयंपाकघराच्या दारामागे लावायचं. उभे रकाने माणसांचे, आठही माणसांचे, बापासकट. काम संपलं की करणाऱ्याने मिनिटं टाकायची. लहानांची आजीने किंवा आईने टाकायची. रविवारी दुपारी बेरीज. आईबापांनी ती मुलांसमोर मोठ्याने वाचावी. पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी दिसतात. थोरलीच्या रकान्यात आकडे दाटीवाटीने बसलेले असतात. आणि 13 वर्षांच्या मुलाच्या रकान्यात ‘दुकानातून दही आणलं, 10’ अशा तुरळक नोंदी असतात. मुलाचं काम मदत म्हणून मोजलं जातं आणि मुलीचं कर्तव्य म्हणून मोजलंच जात नाही, हे त्या एका पानावर उघडं पडतं.

मग वाटणी. इथे बहुतेक घरं एक चूक करतात: कामाचे तुकडे वाटतात. ‘तू ताट उचल, तू घास, तू पूस’ म्हटलं की मधलं एक जण हललं नाही तर सगळं अडतं आणि शेवटी थोरली उठते. एका मुलाला एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत द्यावं. रात्रीची भांडी म्हणजे खरकटं काढणं, कढई भिजत टाकणं, घासणं, विसळणं, पालथी घालणं, ओटा पुसणं आणि ओला-सुका कचरा वेगळा करून सकाळच्या कचरागाडीसाठी दाराशी ठेवणं. हे सगळं 13 वर्षांच्या मुलाचं. त्याला पहिले आठ-दहा दिवस पाऊण तास लागेल, नंतर अर्ध्या तासात आटपेल. 11 वर्षांच्या मुलीकडे डबे: रात्रीच धुऊन, झाकणं जुळवून ओळीने मांडायचे, सकाळी भाजी-पोळी भरायची. 8 वर्षांच्याकडे चपला-बूट, पाण्याच्या बाटल्या आणि अंथरुणं. चार वर्षांच्या पोरीकडेही काहीतरी हवं. जेवायच्या आधी चमचे मांडणं आणि आजीला औषधाची डबी नेऊन देणं तिला जमतं. डबी नेण्यापुरतंच, गोळी काढून द्यायचं काम मोठ्यांचं.

वाटणी दर आठवड्याला बदलू नये. सात दिवसांत मूल काम शिकत नाही, नुसतं चुकतं, आणि चुकलं की मोठे हातातून ओढून घेतात. चार आठवडे तेच ठेवावं, मग अदलाबदल. तिसऱ्या आठवड्यात तक्ता मोडकळीला येतो. बहुतेक घरांत तेव्हाच आई पोराने घासलेलं पातेलं पुन्हा घासते आणि पोराला कळतं की आपण केलं काय, न केलं काय, सारखंच. नाहीतर मुलाची घटक चाचणी आली की त्याचं काम थोरलीकडे सरकतं, तिची आली की कुणाकडेच सरकत नाही. आणि सगळ्यांच्या मुळाशी बहुधा एक कारण असतं: बापाच्या रकान्यात काही नसतं. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना चिडीस आणू नका असं पौल सांगतो, ते बापांना उद्देशून. मुलाला चिडीस आणण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्वतः पाय पसरून बसून त्याला भांडी घासायला पाठवणं.

पोळ्यांचं बघा. आठ माणसांच्या रात्रीच्या जेवणाला 28 ते 30 पोळ्या लागतात, त्याला साधारण एक किलो कणीक. एकट्याने लाटून भाजायचं तर पोळीला दोन मिनिटं धरून जवळजवळ एक तास तव्यापाशी जातो. इंदूरच्या मे महिन्यात तो तास कसा असतो ते उभं राहणाऱ्यालाच कळतं. दोघं असले, एक लाटणारा, एक भाजणारा, तर अर्ध्या तासात होतं. कणीक बापाने भिजवावी. किलोभर पिठाला सहाशे-साडेसहाशे मिली पाणी, चमचाभर मीठ, वर तेलाचा हात आणि वीस मिनिटं झाकून ठेवणं. एवढं मळायला ताकद लागते आणि बापाच्या मनगटात ती असते. मग आठवड्यातले चार दिवस लाटणं-भाजणं आईबापांचं, कामावरून आल्यावर. दोन दिवस थोरली आणि तिचा भाऊ. रविवारी भात. एवढ्यानेच थोरलीच्या आठवड्यातून सहा तास सुटतात. मुलगा पोळी भाजायला लागला की त्याची बायको त्याला पुढे दुवा देईल, असं बायका म्हणतात. मला वाटतं त्याने आज बहिणीसाठी भाजावी, पुढचं पुढे.

काही कामं माणसाला न देता वस्तूला द्यावीत. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून येतं आणि बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड मिळतं. शहरी पुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज 135 लिटर धरतात. त्या हिशेबाने आठ जणांना दोन दिवसांचे 2160 लिटर लागतात. घरात 1000 लिटरची एकच टाकी असली की उरलेलं बादल्या, टीप, पिंप, हंडे यांत भरायचं. पाणी पहाटे आलं तर उठवलं जातं थोरलीला, कारण तीच ‘लगेच उठते’. नळाच्या उंचीला बसेल असा हौद किंवा दुसरी 1000-1500 लिटरची टाकी घेतली आणि तिला बॉलवॉल्व्ह बसवला, तर ती आपोआप भरते आणि भरली की नळ आपोआप बंद होतो. वरच्या टाकीत चढवायची मोटर सकाळी सात वाजता कुणीही लावावी. हा खर्च एकदाच होतो. मुलीची झोप एक दिवसाआड मोडते, म्हणजे वर्षाला 180 पहाटा. नाताळाचे नवे पडदे एक वर्ष थांबतील, आधी टाकी घ्यावी.

मोठ्या घरातली सगळ्यात नाजूक गोष्ट वेगळीच आहे. मुलं सांभाळणं आणि मुलांवर अधिकार गाजवणं यातली रेघ तिथे पुसली जाते. थोरलीने धाकटीला जेवू घातलं, खेळवलं, हे बहिणीचं काम. तिला शिक्षा करणं, तिचं प्रगतिपुस्तक बघून रागावणं, मोबाइल काढून घेणं हे आईबापांचं. कामाच्या गडबडीत आपण म्हणतो, ‘ताईला विचार,’ ‘ताई सांगेल तसं.’ चार वर्षांत ताई घरची हवालदारीण होते. धाकटे तिला घाबरतात आणि तिच्यापासून लपवतात, मग मोठेपणी भावंडं एकमेकांशी मोकळं बोलत नाहीत. बायबलच्या निर्गम पुस्तकातली मोशेची बहीण मिर्याम बघा. मोशेची पेटी लव्हाळ्यात ठेवली तेव्हा ती दूर उभी राहून पाहत होती, आणि वेळ येताच तिने दाई म्हणून आईलाच बोलावून आणलं. मोशेला वाढवलं आईने, मिर्यामने नाही. बहिणीचं काम तेवढंच होतं, आणि ते तिने चोख केलं.

यावर सोपे नियम आहेत. शाळेतल्या पालकसभेला आई किंवा बाप जाईल, ताई कधीही नाही. मूल आजारी पडलं तर रात्री उठणारा मोठा माणूस असेल. लसीकरणाची पाच कार्डं एका फाइलीत ठेवायची. मोठ्या घरात धाकट्यांचा पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर हमखास राहतो, कारण बाळपणाचे डोस संपले की फाइल कपाटात जाते. त्या तारखा लक्षात ठेवणं बापाकडे. 8 वर्षांच्याने खोटं बोललं, चोरी केली, अशी तक्रार ताईने केली की ‘तू बघ’ म्हणून तिच्याकडे परतवायची नाही.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना हे आपलं मोठं धन आहे, पण तिचीही लांबी मोजावी. चार वर्षांचं मूल आणि सोळा वर्षांची मुलगी एका चटईवर पंधरा मिनिटं बसू शकतात. चाळीस मिनिटांत धाकटी झोपते, मधला चिमटे काढतो आणि थोरलीवर त्यांना दटावण्याचं काम येतं. एक भजन, आठ-दहा वचनं, दोन-तीन वाक्यांची प्रत्येकाची प्रार्थना. धाकट्यांनी आधी, म्हणजे ती सुटून झोपायला जातात. वाचणाराचा क्रम ठरलेला असावा. आणि एक गोष्ट बिलकुल होऊ नये. ‘प्रभू, आमच्या ताईला राग आवरायला शिकव, तिला आज्ञाधारक कर,’ अशी प्रार्थना आई डोळे मिटून सगळ्यांसमोर करते तेव्हा ती देवाशी बोलत नसते, मुलीला ऐकवत असते. मुलीला उत्तर देता येत नाही, कारण प्रार्थना चालू असते. असं वर्षभर झालं की मुलगी प्रार्थनेला उशिरा यायला लागते. जे सांगायचं ते स्वयंपाकघरात, समोर बसवून सांगावं, आणि तिचंही ऐकावं.

याला जोडून भाषेचं सांगतो, कारण ते इंदूरच्या मराठी घरांत डोळ्यांसमोर घडतंय. थोरलीला मराठी चांगली येते, कारण ती लहान असताना घरात फक्त मोठी माणसं होती. दुसऱ्या-तिसऱ्या मुलापासून भावंडं आपसात हिंदीत बोलतात, शाळेची भाषा घरात आणतात. पाचव्याला मराठी कळते पण बोलताना ते ‘मला प्यास लागली’ म्हणतं, आणि तारण, कृपा, पश्चात्ताप हे शब्द त्याला फक्त पाळकांच्या तोंडून ऐकू येतात. यावर उपाय म्हणूनही आपण थोरलीलाच सांगतो, ‘तू लहानांशी मराठीत बोल ना.’ ते नको. आजी आहे ना! रोज रात्री दहा मिनिटं आजीने पवित्र शास्त्रातली एक गोष्ट मराठीत सांगायची आणि दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी तीच तिला परत सांगायची. आजीलाही घरात काम मिळतं. गुडघे दुखत असले तरी तिला गोष्ट सांगता येते.

अभ्यासाच्या जागेचा प्रश्न मात्र घरात सुटत नाही. दोन खोल्यांत आठ माणसं, एक टीव्ही. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. जानेवारीपासून थोरलीचं घरकाम दिवसाला अर्ध्या तासावर यायला हवं आणि तिला बसायला दार लावता येईल अशी जागा हवी. शहरात अहिल्या केंद्रीय पुस्तकालय आहे, पण सुदामानगरला रात्री आठला एकट्या मुलीने तिथून परतायचं म्हटलं की बाप नाही म्हणतो. आणि आपलं चर्च? सोमवार ते शनिवार कुलूप. आत पंखे, दिवे, बाकं, बाथरूम, सगळं आहे. शेजारचा हॉल नाताळाच्या तालमीला आणि लग्नाला उघडतो. तो रोज संध्याकाळी पाच ते नऊ अभ्यासासाठी उघडावा ही मागणी मी कळकळीने करतो. निदान सात मोठी माणसं लागतील, आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतलेली, शक्यतो प्रत्येकाच्या जोडीला आणखी एक, दोघांतली एक बाई. एक नोंदवही, मूल कधी आलं आणि कुणाबरोबर परत गेलं याची. मोबाइल दाराशी टोपलीत. मुलांना त्यांच्या धर्माचं विचारू नये, गल्लीतली शेजारची मुलं आली तर तीही बसतील. विजेचं बिल वाढेल, ते मंडळीच्या दानपेटीतून भरावं. महिला मंडळाच्या वार्षिक सहलीइतकंच ते काम पवित्र आहे.

मिशनच्या शाळांबद्दलही गैरसमज आहे. आपलंच मूल म्हणून तिथे शिक्षणहक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांतून प्रवेश मिळेल असं अनेक आईबापांना वाटतं. तसं होत नाही. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही. त्या जागांसाठी इतर खाजगी शाळा निवडून सरकारकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो, आणि मिशनच्या शाळेत फी-सवलत हवी असेल तर ती थेट व्यवस्थापनाकडे, पाळकांच्या पत्रासह, प्रवेशाच्या आधी मागावी लागते. पाच मुलांच्या घरात हे उशिरा कळलं की फी सगळ्यांची भरायची म्हणून एकाचं शिक्षण स्वस्तात बसवलं जातं. ते एक बहुतेक वेळा थोरलीच असते.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शिष्यांची संख्या वाढली तेव्हा ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होऊ लागलं. तक्रार झाली. प्रेषितांनी त्या विधवांना सोशीक व्हा असं सांगितलं नाही. त्यांनी सात माणसं निवडली आणि काम वाटून दिलं. मोशेलाही त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगितलं. माणसं वाढली की व्यवस्था बदलायची, हे शास्त्रात धडधडीत लिहिलं आहे. आपण मात्र घरात माणसं वाढली की एका मुलीला सोशीक व्हायला सांगतो.

बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्ममाता-धर्मपिता हे त्या सात माणसांचं काम करू शकतात. पाच मुलांना दहा मोठी माणसं मंडळीसमोर वचन देतात, मग वर्षातून एकदा नाताळाला फ्रॉक आणतात. वचनाला वार लावावा. बुधवारी संध्याकाळी पाच ते सात धाकटी तिच्या धर्ममातेकडे, शुक्रवारी 8 वर्षांच्याचं गणित त्याचा धर्मपिता घेईल. धर्ममाता निवडताना दूरच्या मोठ्या साहेबिणीपेक्षा चालत जाता येईल अशा घरातली बाई निवडावी.

पुढे थोरली शिकून नोकरीला लागते. आपल्या मुली नर्सिंगला जातात, लवकर कमावू लागतात, आणि तिथून दुसरं पर्व सुरू होतं. भावाची इंजिनिअरिंगची फी, बहिणीचं लग्न, घराचा हप्ता. ती देते, आनंदाने देते. पण किती आणि कधीपर्यंत हे कुणी बोलत नाही, आणि तिशी उलटली तरी तिच्यासाठी स्थळ बघायला कुणी बाहेर पडत नाही, कारण तिचा पगार घरात हवा असतो. हे मनातल्या मनात ठेवू नये. पहिल्या पगाराच्या महिन्यात बसून रक्कम आणि शेवटचा महिना कागदावर लिहावा. पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि पाठचा भाऊ कमावू लागला की तिचं थांबून त्याचं सुरू. तिचं खातं तिच्या एकटीच्या नावावर.

वारशाच्या बाबतीत आपला कायदा या मुलीशी घराहून न्यायाने वागतो. भारतीय वारसा अधिनियम 1925 प्रमाणे मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस गेला तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी असा भेद नाही. 900 चौरस फुटांचं घर असेल तर आईचे 300 आणि पाचही मुलांचे प्रत्येकी 120. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्यामुळे मुलीला भावाच्या चौथाईइतकं, नाहीतर 5000 रुपये, त्यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय यांनी लढून 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून तो भेद काढायला लावला. तरी हक्कसोडपत्राचा कागद मात्र आपल्याकडे पहिल्यांदा थोरलीपुढेच सरकवला जातो, आणि ती सही करते, कारण ती गुणाची. बापाने जिवंतपणी मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचं आहे त्याची किंवा त्याच्या नवराबायकोची साक्ष घेऊ नये, नाहीतर त्याला दिलेलं रद्द ठरतं. ज्या मुलीने धाकट्यांना वाढवलं तिचं नाव त्यात स्पष्ट, हिश्श्यासकट यावं.

पाळकसाहेब घरभेटीला येतात तेव्हा चहा ती करते. बैठकीत आईबाप, आजी आणि धाकटे बसतात, वचन वाचलं जातं, प्रार्थना होते आणि ती कपबशा उचलायला आत जाते. पुढच्या भेटीत पाळकसाहेबांनी किंवा पाळकीणबाईंनी चहा नको म्हणावं. तिला बाहेर बसवावं आणि घरातल्या सगळ्यांसमोर विचारावं की तू रात्री किती वाजता झोपतेस. तिने उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघितलं, तर पुन्हा विचारावं.